जीर्णोद्धार आणि अस्सलपणा

चाक म्हणजे रथ काय, आंस म्हणजे रथ काय, असें नागसेन भिक्षूनें मिलिंद राजास विचारिलें होतें. त्या प्रश्नाची आठवण आम्हांस परवां एका अनपेक्षित स्थळीं झाली. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यापाशीं सुमारें साठ वर्षांपूर्वींचा अमेरिकन बनावटीचा, व्हॉल्व्हवर चालणारा गिटारचा ॲम्प्लिफायर आहे. त्याची घरघर वाढली, तेव्हां कारागिरानें सांगितलें कीं, आंतील कपॅसिटर बदलावे आणि दोन तारांच्या जागीं जमिनीशीं जोडणारी तीन तारांची वायर घालावी. विद्यार्थी मात्र अडून बसला. "मग तो अस्सल कसा राहील?" असें त्यानें आम्हांसच विचारिलें.

त्याची शंका अगदींच पोरकट नव्हती. जुन्या वाद्यांच्या बाजारांत मूळच्या डाखाच्या सांध्यालाही मोल असतें. गिटारीस पुन्हा रंग दिला तरी किंमत बरीच उतरते. परंतु वस्तूचा स्वभावही पाहिला पाहिजे. विजेचा प्रवाह सम राखणाऱ्या कपॅसिटरांत ओलसर रसायन असतें. वाद्य वापरा अथवा न वापरा, कालांतरानें तें सुकतेंच. शिवाय, दोन तारांच्या कित्येक ॲम्प्लिफायरांत विजेची तार व धातूचा सांगाडा यांमध्यें एक कपॅसिटर असतो. तो निकामी होऊन आरपार जुळला, तर घरांतील वीज सांगाड्यांत आणि तेथून गिटारीच्या तारांत उतरते. वादकाचे ओठ मायक्रोफोनला लागले, तर ती त्याच्या देहांतून वाट काढते. जमिनीशीं जोडणी नसलेला मायक्रोफोन किती घातक, हें 1972 सालीं वेल्समधील स्वान्सी येथें दिसलें. लेस्ली हार्वी हा स्कॉटिश गिटारवादक त्याच्या स्पर्शानें रंगमंचावरच गतप्राण झाला. अस्सलपणासाठीं वादकाचा जीव पणास लावावा, असें कोणतें नीतिशास्त्र सांगेल?

तथापि, म्हणून वाटेल तो फेरफार क्षम्य ठरत नाहीं. अधिक जोरकस आवाजाच्या हव्यासानें कित्येकांनीं जुन्या गिटारींचें लाकूड कोरून नवे पिकअप बसविले. कपॅसिटर पुन्हा बदलतां येतो. कोरलेलें लाकूड परत येत नाहीं. झिजणें हाच ज्या भागाचा धर्म, तो बदलावा. कर्त्याचा हात ज्यांत उमटला आहे, त्यास शक्यतों धक्का लावूं नये.

रथाच्या दृष्टान्तानें नांवाचा प्रश्न सुटतो, नीतीचा सुटत नाहीं. एरिक क्लॅप्टननें 1970 सालीं घेतलेल्या जुन्या स्ट्रॅटोकास्टरांपैकीं तिहींचे उत्तम भाग जुळवून 'ब्लॅकी' ही एक गिटार करविली. ती 2004 सालीं लिलावांत 9,59,500 डॉलरांस गेली. तिची जुळणी कोणापासून लपविली नव्हती, म्हणून कोणीही तिला खोटी म्हटलें नाहीं. असत्य तुकडा बदलण्यांत नसतें. बदललेला तुकडा मूळचाच म्हणून विकण्यांत असतें.

हें आम्हीं विद्यार्थ्यास सांगितलें. त्यानें दुरुस्ती करविली. काढलेले भाग एका पाकिटांत घालून, काय बदललें व केव्हां, ही नोंद त्यानें सोबत ठेविली आहे. पुढच्या धन्यास तीच नोंद उपयोगीं पडेल.