नंबर नाइनचं तिकीट

१९९८ च्या ‘ग्रिम फँडँगो’ गेममधला मॅनी हा मृतांच्या दुनियेतला ट्रॅव्हल एजंट. सरळ जगलेल्यांना ‘नंबर नाइन’ गाडीचं तिकीट, बाकीच्यांपैकी अनेकांना चार वर्षांची पायपीट. मेचेचं पुण्य भरपूर, तरी कॉम्प्युटर तिला तिकीट देत नाही. तिकिटं चोरीला गेलेली असतात.

चाकणच्या कंपनी बसमध्ये फोनवर हा गेम खेळताना वाटतं, चित्रगुप्ताची वहीच कुणी बदलली तर? कंत्राटी कामगाराला हे नवं नाही. ओव्हरटाइम केला, हजेरीत लागला नाही. म्हणजे काम झालंच नाही का?

नोंद चोरता येते, केलेलं काम नाही. पण एवढ्यावर मेचेनं समाधान मानायचं? नाही. मॅनी टेबल सोडून तिला शोधायला निघतो. हिशेब लिहिणाऱ्याचं पुण्य तिथून सुरू होतं.