घरचें दळण व बाहेरची वीज

जी वस्तु तयार स्थितींत फुकट मिळते ती घरीं पुनः घडवीत बसणें, यास स्वावलंबन म्हणावें कीं चैन? जेंटू नांवाच्या लिनक्स-प्रणालीच्या निमित्तानें हा प्रश्न आम्हांस पडला. डॅनियल रॉबिन्स यांनीं उभारलेल्या या प्रणालीची पहिली अधिकृत आवृत्ति २००२ सालीं निघाली. इतर प्रणाली बहुधा पक्के प्रोग्रॅम पुरवितात. जेंटू मूळ संहिता पुरविते आणि ती ज्याच्या त्याच्या यंत्रावर कंपाइल करवून घेते. कोणतें अंग ठेवावें, कोणतें गाळावें, हें मालकानें ठरवावयाचें. पिठाऐवजीं दाणे आणून घरीं दळावे, तशांतलाच हा प्रकार.

नारायणगांवीं सुटींत आम्हीं ही प्रणाली एका जुन्या लॅपटॉपवर घालून पाहिली. एका ब्राउझरपायीं संध्याकाळची सकाळ झाली. यंत्राच्या अंतरंगाचा जो परिचय त्या आठवड्यांत घडला तो एरवीं घडता ना, हें खरें. परंतु १०० वॅटचें यंत्र दहा तास राबलें कीं एक युनिट वीज जाते. तेवढींत पांच अश्वशक्तीचा पंप फार तर सोळा मिनिटें चालेल.

हिशेब क्षुल्लक आहे, असें कोणी म्हणेल. मात्र जुन्नर-आंबेगांवांत विजेकडे केवळ पैशाच्या दृष्टीनें पाहवत नाहीं. येथें बिबट्या उसांत राहतो, आणि शेतपंपाची वीज रात्रपाळीस आली म्हणजे अंधारांत त्याच उसास पाणी भरण्यास माणसाला जावें लागतें. आम्हीं वांचविलेलें युनिट दिवसा त्याच्या पंपाकडे जात नाहीं, हें आम्ही जाणतों. तरी ज्या पदार्थासाठीं शेजारी जीव मुठींत धरतो तो आपण कशापायीं खर्चितों, एवढें तरी सांगतां यावें.

वेगासाठीं, असें उत्तर मिळतें. समजा, दहा तासांच्या खटपटीनें प्रोग्रॅम दोन टक्के चपळ झाला. तें ऋण फिटण्यास त्यानें पूर्ण भारानें पांचशें तास चाललें पाहिजे. ब्राउझरची नवी आवृत्ति तर साधारण चार आठवड्यांनीं, म्हणजे ६७२ तासांनीं, येते. आणि मध्यंतरीं आपण झोपतोंही! खोडदच्या महाकाय रेडिओ-दुर्बिणीची गोष्ट निराळी. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांचे संकेत जुळविणाऱ्या संगणकांस तोच हिशेब पुनःपुन्हां करावा लागतो. तेथें यंत्राच्या अंगाबरहुकूम बेतलेल्या प्रोग्रॅमचें ऋण लवकर फिटेल. प्रा. गोविंद स्वरूप यांनीं त्या तबकड्याही बारीक तारांच्या जाळीच्या केल्या, कीं वारा आरपार जावा व सांगाडा हलका राहावा. ही काटकसर रचनेंतच मुरलेली आहे.

दुसरें उत्तर विश्वासाचें. पण कंपाइलरच फितूर असेल तर निर्मळ संहितेंतूनही दगा बाहेर पडतो, हें केन थॉम्प्सन यांनीं १९८४ सालींच दाखविलें. शिवाय त्या लक्षावधि ओळी वाचतो कोण? जात्यावर बसणारी बाई स्वतःची शक्ति वेंचीत असे; येथें श्रम बहुतांशीं कोळशाचे आणि अभिमान आमचा.

डिसेंबर २०२३ मध्यें जेंटूनेंही पुष्कळसे प्रोग्रॅम तयार स्वरूपांत देण्यास आरंभ केला. आतां ब्राउझर आम्ही तयारच घेतों. ज्या लहान प्रोग्रॅमांची संहिता खरोखर वाचावयाची वा बदलावयाची असते तेवढेच घरीं कंपाइल करतों.