एका माणसाला अनेकवचन

इंग्रजीच्या अगदी सुरुवातीच्या धड्यांत 'आय ॲम, यू आर, ही इज' हा तक्ता येतो. 'आर' हे अनेकवचनाचं क्रियापद, असं बाई सांगतात आणि त्याच दमात समोरच्या एकट्या मुलाला 'यू आर अ बॉय' म्हणायला लावतात. एखादं चौकस पोर विचारतंच, हा तर एकटा आहे, मग 'आर' कसं? 'तसंच असतं, पाठ कर' हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये मात्र याच शंकेपायी काही धार्मिक माणसांनी मार खाल्ला.

जुन्या इंग्रजीत हिशेब सरळ होता. एकाला 'दाउ', अनेकांना 'ये' किंवा 'यू'. नॉर्मन राजवटीनंतर फ्रेंचचा वरचष्मा झाला आणि तिथली रीत तेराव्या शतकापासून इंग्रजीत झिरपू लागली. वरच्याला अनेकवचन, गड्याला आणि पोराला एकवचन. तू-तुम्हीत वाढलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. १६०३ साली सर वॉल्टर रॅले यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक यांनी भर न्यायालयात त्यांना मुद्दाम 'दाउ' म्हटलं. एवढ्या मोठ्या सरदाराला चारचौघांत अरेतुरे करणं हा आरोपाइतकाच जिव्हारी लागणारा वार होता.

विणकराच्या घरी जन्मलेल्या जॉर्ज फॉक्सने (१६२४–१६९१) हीच रीत मोडायला घेतली. तरुणपणी तो एका चांभाराकडे उमेदवारी करत होता. पुढे त्याच्याभोवती जे लोक जमले, ते क्वेकर म्हणून ओळखले जाऊ लागले. फॉक्सची श्रद्धा अशी की गरीब-श्रीमंत, लहान-थोर सगळ्यांना 'दाउ' म्हणावं आणि कोणापुढेही टोपी काढू नये, ही देवाचीच आज्ञा आहे. प्रार्थनेत साक्षात देवाला एकवचन चालतं, मग न्यायाधीशाला त्याहून जास्त कशासाठी?

टॉमस एलवुड या तरुणाची कहाणी त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. वडील ऑक्सफर्डशरमधले न्यायदंडाधिकारी, तालेवार गृहस्थ. मुलगा क्वेकर झाला आणि डोक्यावरची टोपी न काढताच त्यांच्यापुढे उभा राहिला. वडिलांनी दोन्ही मुठींनी बडवलं, टोपी हिसकावून फेकली. मुलाने दुसरी घातली, तीही गेली. असं करता करता घरातल्या त्याच्या सगळ्या टोप्या जप्त झाल्या. पण टोपीपेक्षाही झोंबलं ते सर्वनाम. पुन्हा मला 'दाउ' म्हणालास तर दात घशात घालीन, अशी त्यांनी तंबी दिली. हाच एलवुड पुढे दृष्टी गेलेल्या कवी मिल्टनला लॅटिन ग्रंथ वाचून दाखवत असे.

१६६० साली फॉक्स, जॉन स्टब्स आणि बेंजामिन फर्ली यांनी एक अजब पुस्तक काढलं. मुलांना अक्षरओळख करून देणाऱ्या, बॅटच्या आकाराच्या फळीवरून त्याचं नाव ठेवलं होतं आणि कित्येक पानांवर मजकुराभोवती तशीच चौकट छापली होती. आत लॅटिन, ग्रीक, हिब्रू, अरबी, फारसी अशा तिसेक भाषांतले दाखले. मुद्दा एकच: एकवचन वेगळं, अनेकवचन वेगळं. पंडितांनो, हे पोरांना शिकवता आणि स्वतः विसरता कसे? एकाला अनेक म्हणायची खोड पोपच्या अहंकारातून आली, असंही त्यांनी ठणकावलं. फॉक्सची शाळा बेताची. परभाषांचा भार उरलेल्या दोघांनी उचलला.

क्वेकर न्यायालयात शपथ घेत नसत. शपथेवर खरं बोलायचं म्हणजे एरवी खोटं बोलायची मुभा आहे असं होतं, असा त्यांचा युक्तिवाद. बोलणं कायमच खरं हवं, तर एका माणसाला अनेकवचन लावणं हेही असत्यच. यावर जुनं आणि बळकट उत्तर उपलब्ध होतं. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत ऑगस्टीनने खोटेपणाची चिकित्सा करताना फसवण्याच्या हेतूवर भर दिला होता. न्यायाधीशाला 'यू' म्हटल्याने तो एकाचे दोन झाला, असं कोणालाच वाटत नाही. सगळ्यांना ठाऊक असलेल्या रूढीत फसवणूक कसली?

तर्क बिनचूक आहे, पण एलवुडच्या वडिलांचा संताप त्यातून सुटत नाही. ही निव्वळ रूढी असती, तर मुठी वळल्या नसत्या. 'यू'मध्ये संख्या नव्हती, पायरी होती, आणि ती काढून घेतली की माणूस खवळतो हे फॉक्सने अचूक हेरलं होतं. व्याकरणाचा आधार त्याने चुकीचा घेतला. माणसांविषयीचं निदान बरोबर ठरलं.

उपाय मात्र एकच नव्हता. वारकरी विठ्ठलाला एकेरीत हाक मारतात, पण वारीत एकमेकांना 'माउली' म्हणतात आणि एकमेकांच्या पाया पडतात. तिथे सगळ्यांना वरची पायरी मिळते. फॉक्सने सगळ्यांना खालच्या पायरीवर आणायचं ठरवलं. इंग्रजीने त्याचं ऐकलं नाही. सरसकट 'यू' रूढ झालं, तेही कोणाच्या समतेच्या आग्रहाने नव्हे. १६११च्या बायबलमध्ये देव, राजा, सैतान सगळ्यांनाच 'दाउ' आहे. रोजच्या बोलण्यातून तो शब्द गेल्यावर मात्र तो खास देवघरातला, भारदस्त वाटू लागला.

अठराव्या शतकात एका माणसाला 'यू वॉज' म्हणणारे पुष्कळ होते. क्रियापद तरी एकवचनी असावं, ही साधी समजूत. १७६२च्या आपल्या व्याकरणात रॉबर्ट लोथ या धर्मगुरूने ते घोर अशुद्ध ठरवलं. लिंडली मरे यांनी १७९५ साली यॉर्कमधल्या क्वेकर मुलींच्या शाळेसाठी जे व्याकरण लिहिलं, त्यावर लोथची दाट छाया आहे. मरे स्वतः क्वेकर. त्यांच्या तक्त्यात एकवचनापुढे अजून 'दाउ आर्ट' होतं. याच पुस्तकाच्या धर्तीवर दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण रचलं. पुढे जातिभेद झुगारणाऱ्या परमहंस सभेच्या उभारणीत हेच दादोबा होते. मरेंकडून त्यांनी घेतली ती व्याकरणाची मांडणी. जातीविरुद्धचं बंड त्यांचं स्वतःचं.

खुद्द क्वेकरांच्या तोंडी, विशेषतः अमेरिकेत, शेवटी 'दी इज' उरलं. म्हणजे कर्त्याच्या जागी 'दाउ'चं कर्माचं रूप आणि सोबत तृतीय पुरुषाचं क्रियापद. शुद्ध एकवचनासाठी ग्रंथ रचणाऱ्यांच्या वारसांनी व्याकरण असं मोडलं, आणि त्यात कोणाला पाप वाटलं नाही. 'दी' तोवर घरची, आपल्या माणसांची खूण झाली होती. विसाव्या शतकात तीही विरली.

दरम्यान पायरीने जागा बदलली. मराठी कारकून साहेबाला इंग्रजीत बिनदिक्कत 'यू' म्हणतो, पण वाक्याच्या दोन्ही टोकांना 'सर' लावून. आजचे क्वेकर सर्वनामावर अडून बसत नाहीत. मिस्टर, डॉक्टर ही बिरुदं मात्र त्यांच्यातले पुष्कळजण अजूनही टाळतात आणि समोरच्याला सरळ त्याच्या नावाने हाक मारतात.