शमीवृक्ष आणि गांडीव

ज्या शस्त्राचे कार्य संपले, त्याचे मनुष्याने काय करावे? हा प्रश्न केवळ क्षत्रियाचा नव्हे. प्रत्येक साधनाविषयी तो केव्हा ना केव्हा उपस्थित होतोच. त्याचा विचार करण्यास योग्य असे एक उदाहरण आमच्या आनेकलपासून थोड्या कोसांवर, बंगळूर नगरीत घडले आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने लिबरेटर नावाची चार एंजिनांची बाँबफेकी विमाने अठरा हजारांहून अधिक बांधली. युद्ध संपताच ब्रिटिशांनी आपल्याकडील अशी कित्येक विमाने कानपूर येथे निकामी करून टाकून दिली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली बंगळूर येथे स्थापिलेल्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीने त्यांचा उद्धार केला. वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती जर्जर विमाने कानपूरहून उडवीत बंगळुरास आणली आणि तेथील कारागिरांनी सुमारे ४२ विमाने पुन्हा सिद्ध केली. १९४८ पासून १९६८ पर्यंत ती भारतीय वायुसेनेच्या सेवेत होती. शमीवृक्षावरून शस्त्रे उतरविण्यासारखेच हे कर्म होय. पांडवांनी आपली आयुधे जपली ती मोहाने नव्हे, कर्तव्य शिल्लक होते म्हणून. नवस्वतंत्र राष्ट्राचेही रक्षणकर्तव्य तसेच शिल्लक होते.

पुढे यांपैकी एक निवृत्त विमान अमेरिकेतील कॉलिंग्ज फाउंडेशन या संस्थेने मिळविले, अपार श्रमांनी दुरुस्त केले आणि १९८९ पासून अनेक वर्षे गावोगाव उडविले. युद्धात झुंजलेल्या वैमानिकांचे स्मरण राहावे, हा हेतू निंद्य कोण म्हणेल? परंतु त्याच संस्थेचे बी-१७ जातीचे दुसरे युद्धकालीन विमान २ ऑक्टोबर २०१९ रोजी कनेक्टिकट राज्यात प्रवाशांसह कोसळले व सात जण मृत्यू पावले. चौकशीत वैमानिकाच्या चुकीबरोबरच देखभालीतील उणिवाही उघड झाल्या.

येथे पूर्वपक्ष असा की, स्थिर सांगाड्यापेक्षा गर्जत उडणारे विमान अधिक शिकविते. शिवाय त्यात बसणारे स्वेच्छेने बसतात. पहिले म्हणणे पुष्कळसे खरे आहे. दुसरे मात्र अपुरे आहे. प्रवासी संमती देतो ती नेणाऱ्याच्या दक्षतेवर विश्वास ठेवून. म्हणून संमतीने नेणाऱ्याचे कर्तव्य हलके होत नाही, उलट वाढते.

महाभारतकारांनी या विषयी फार सूक्ष्म गोष्ट सांगून ठेवली आहे. महाप्रस्थानास निघालेल्या अर्जुनाने राज्य सोडले, पण गांडीव सोडवेना. व्यास त्याचे कारण स्पष्ट सांगतात: रत्नाचा लोभ. अखेरीस अग्नीने वाट अडवून सांगितले, तेव्हा त्याने ते धनुष्य जळात विसर्जिले. ज्याने साक्षात् भगवंतांच्या मुखातून गीता ऐकली, त्यालाही निष्काम कर्मापेक्षा निष्काम त्याग कठीण गेला!

मग जुनी विमाने मोडीत काढावीत काय? तसे नव्हे. दिल्लीजवळ पालम येथील वायुसेना संग्रहालयात एक लिबरेटर भूमीवर ठेवण्यात आले. तेही स्मरणच होय. उडविणे सर्वथा त्याज्य असेही आम्ही म्हणत नाही. कसोटी एवढीच की, या स्मरणासाठी जिवंतांविषयीच्या दक्षतेत तिळमात्र उणीव येते काय? येत असेल, तर त्या क्षणी स्मरणाचा मोह झाला असे समजावे. गत वीरांचे ऋण फेडावयाचे ते आज आपल्या हाती विसावलेल्या प्राणांना जपूनच.