लशीची किंमत कधी ठरते?

१९९०च्या सुमारास बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. सी. दुर्गा राव यांच्या गटाच्या हाती एक चमत्कारिक विषाणू लागला. शहरातल्या नवजात बाळांच्या विष्ठेत जुलाब घडवणारा रोटाव्हायरस होता, बाळे मात्र ठणठणीत. ‘आय३२१’ नावाच्या या प्रकारातली बहुतेक जनुके गुरांच्या विषाणूची निघाली. असाच निरुपद्रवी ‘११६ई’ दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. महाराज किशन भान यांच्या चमूला सापडला होता. पुढे दोन्ही विषाणू बाळांना देऊन पाहिले, तेव्हा दिल्लीवाल्याने प्रतिकारशक्ती अधिक जागवली. बेंगळुरूचा गडी बाद झाला.

जिंकलेल्या विषाणूपासून हैदराबादच्या भारत बायोटेकने ‘रोटाव्हॅक’ बनवली. दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळचे वढू इथल्या ६,७९९ बाळांवर तिची चाचणी झाली. पहिल्या वर्षात रोटाव्हायरसच्या तीव्र जुलाबांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. २०१६ साली ही लस सरकारी लसीकरणात आली.

लस गुणकारी ठरली, पण जगाच्या भुवया उंचावल्या त्या किमतीने. मात्रेला एक डॉलर! हा शब्द कंपनीने २०११ सालीच, तिसऱ्या टप्प्याचे निकाल हाती येण्याआधी देऊन ठेवला होता. तो देणे परवडले, कारण विषाणू सार्वजनिक संस्थेत सापडलेला आणि विकासाच्या खर्चात भारत सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग, अमेरिकी संस्था आणि गेट्स फाउंडेशन यांचा मोठा वाटा. जोखीम जनतेच्या पैशाने उचलली असेल, तर स्वस्ताई मागण्यात उपकार कसले?

येल विद्यापीठाला हे उशिरा उमगले. एड्सवरच्या स्टॅव्ह्युडिन या औषधाचे हक्क त्यांनी ब्रिस्टल-मायर्स स्क्विबला देऊन टाकले होते. दक्षिण आफ्रिकेत ते स्वस्तात हवे होते, तेव्हा विद्यार्थी आणि खुद्द संशोधक विल्यम प्रुसॉफ यांनी आवाज उठवला. मार्च २००१ मध्ये कंपनीने तिथे पेटंट न बजावण्याचे जाहीर केले. तोवर रुग्ण मरत होतेच.

म्हणजे किंमत कारखान्यात कमी आणि करारावर सही होते त्या टेबलावर जास्त ठरते. गरीब देशांसाठी मक्तेदारी नको, सरकारी खरेदीला कमाल दर हवा, परवाना वापरलाच नाही तर हक्क संस्थेकडे परत यावेत, ही कलमे त्याच वेळी घालता येतात. कंपन्या बिचकतात, हे खरे. पण रॉयल्टीने गब्बर झालेली विद्यापीठे जगात मोजकीच. मग या कलमांपायी विद्यापीठाचे जाणार तरी काय?

बेंगळुरूत कलमांचा हा प्रश्न आजही ताजा आहे. विज्ञान संस्थेतले प्रा. राघवन वरदराजन आणि संस्थेच्याच आवारात उभी राहिलेली ‘मिनवॅक्स’ ही कंपनी यांच्या कोविड लशीतला घटक १०० अंश सेल्सिअसला दीड तास, ३७ अंशांना महिनाभर टिकल्याचे २०२१ साली दिसले. मेळघाटात वीज गेली की लशीच्या फ्रिजची काळजी लागते, तिथे या गुणाचे मोल वेगळे. मात्र अशा लशीचा दर मेळघाटाला परवडेल की नाही, हे संस्थेच्या तंत्रज्ञान हस्तांतर कार्यालयात कुठले कलम लिहिले जाते आणि कुठले गाळले जाते यावर अवलंबून राहील.