मुके मेज

यार्देन ओलांडल्यावर यहोशवाने नदीच्या पात्रातून बारा धोंडे आणविले, हा वृत्तान्त आपणांस परिचित आहे. पुढे मुले त्या धोंड्यांविषयी विचारतील, असे चौथ्या अध्यायात दोनदा म्हटले आहे. मूळ इब्री पाठ पाहिला तर मात्र दोन्ही प्रश्न सारखे नाहीत. एकविसाव्या वचनात मूल केवळ धोंड्यांविषयी विचारते; सहाव्या वचनात एक लहानसा शब्द अधिक आहे : ‘तुम्हांला’. हे धोंडे तुम्हांला काय आहेत, असा त्या मुलाचा प्रश्न. भाषांतरकाराला येथे ‘अर्थ’ हा शब्द घालून वाक्य सुबक करण्याचा मोह होतो. मलाही झाला आहे. पण स्मारकाचा अर्थ धोंड्यात असतो, की त्याच्याजवळ राहणाऱ्यांत?

रुमानियातील तिर्गू झिऊ या गावच्या दगडांपुढे हाच प्रश्न उभा राहतो. १९१६ च्या ऑक्टोबरात जर्मन सैन्य झिऊ नदीच्या पुलाशी आले, तेव्हा गावातील वृद्ध, स्त्रिया व मुलेही त्याला अडविण्यास धावली. त्या युद्धात पडलेल्यांचे स्मारक व्हावे म्हणून गोर्झ जिल्ह्यातील महिलांच्या संघाने पॅरिसवासी मूर्तिकार कॉन्स्टँटिन ब्रांकुशी यांना पाचारण केले. ते त्याच जिल्ह्यातील होबित्सा खेड्यातले, शेतकऱ्याचे पुत्र. त्यांनी मोबदला घेतला नाही. १९३८ साली काम पूर्ण झाले. नदीकाठी दगडाचे गोल मेज व भोवती बारा बैठकी. पुढे दगडी दरवाजा. तेथून निघणारा रस्ता प्रेषित पेत्र व पौल यांच्या उपासनामंदिरापाशी येतो. आणि सर्वांत शेवटी २९ मीटरांहून उंच असा ओतीव लोखंडाचा स्तंभ. मेजापासून स्तंभापर्यंतचे अंतर एक किलोमीटरहून अधिक आहे.

यात ना सैनिक, ना तलवार. मेजावर कोणाचे नावही नाही. त्या बारा बैठकींवर कोणी प्रेषितांना बसवितात, कोणी वर्षाचे महिने मोजतात. जिचा पुत्र गेला त्या मातेने या मुक्या मेजापुढे काय करावे? नाव न कोरणे हा प्रामाणिकपणा की पळवाट? आक्षेप खरा आहे आणि तो मला झटकता येत नाही. तरीही नावांची शिला बसविली की जिवंतांना आपले कर्तव्य संपल्यासारखे वाटते, हेही मी पाहिले आहे. (आपल्या मंदिरांतील काही संगमरवरी पाट्यांवर तर मृतापेक्षा देणगीदाराचे नाव ठसठशीत असते!) मुका दगड मात्र बोलण्याचे काम शेजाऱ्यांवर टाकतो. मुलाने विचारले, तर वडिलांना बोलावेच लागते.

आता इंदूरकडे वळू. तेथील महाराज यशवंतराव होळकर यांनी ब्रांकुशींचे तीन ‘पक्षी’ घेतले होते : एक काशाचा, एक काळ्या व एक पांढऱ्या संगमरवराचा. त्यांच्यासाठी ध्यानमंदिर बांधावे म्हणून ब्रांकुशी १९३७-३८ च्या हिवाळ्यात स्वतः इंदूरला आले. मंदिर झालेच नाही. संगमरवरी पक्षी आज ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत. त्यांच्या सौंदर्यात तेथे काही उणे झाले नसेल; पण तेथे कोणते मूल आपल्या वडिलांना ‘तुम्हांला’ म्हणून विचारील? तिर्गू झिऊचे मेज असे उचलून नेले, तर उरतील फक्त तेरा दगड.

अर्थात जागेवर राहिल्याने सारे सुरक्षित होते असेही नाही. १९५० च्या दशकात साम्यवादी अधिकाऱ्यांनी तो स्तंभ पाडण्याचा प्रयत्न केला. ते काही परके नव्हते, त्याच देशाचे होते. परंतु त्यांच्यापुरता तो ‘तुम्हांला’ पुसला गेला होता. २०२४ च्या जुलैत नवी दिल्लीत भरलेल्या बैठकीत या शिल्पसमूहाची जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली. यादीने दगडांचे रक्षण होईल. त्या पुलाची गोष्ट घरात सांगणे हे काम मात्र यादीचे नव्हे.

सहाव्या वचनाच्या माझ्या मसुद्यात ‘अर्थ’ खोडून मी ‘तुम्हांला’ ठेवला आहे. वाचताना वाक्य थोडे अडखळते.