शेतकऱ्याचा मुलगा

निवडणूक आली की प्रत्येक उमेदवाराच्या पत्रकावर ‘शेतकऱ्याचा मुलगा’ हे बिरुद असतेच. त्यातून नेमके काय सिद्ध होते? परभणी जिल्ह्यातल्या चुडाव्यासारख्या गावात हा प्रश्न माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईकांना धरून विचारावा, कारण इथल्या शेतकऱ्याचा त्यांच्याशी संबंध अजून तुटलेला नाही. 18 मेला परभणीच्या, नाईकांचेच नाव असलेल्या कृषी विद्यापीठात खरीप मेळावा भरतो, तुरी-सोयाबीनच्या बियाण्यासाठी रांगा लागतात, आणि पिशवीवर नाव नाईकांचे असते.

नाईकांचा प्रवास असा: गहुलीच्या बंजारा तांड्यातले खातेपिते शेतकरी घर, नागपुरात वकिलीचे शिक्षण, पुसदचे नगराध्यक्षपद, आमदारकी, मग डिसेंबर 1963 ते फेब्रुवारी 1975 मुख्यमंत्रिपद. राहुरी, अकोला, दापोली, परभणी ही चारही कृषी विद्यापीठे याच काळातली. हायब्रीड ज्वारीचा त्यांनी ध्यास घेतला. पावसात कणसे काळी पडतात, कडबा आखूड, भाकरीला चव नाही, अशी कुरकुर झाली आणि ती खरीच होती. तरी कोठारात दाणे वाढले, हेही तितकेच खरे.

पण बियाणे ज्याला रान आहे त्याच्याच कामाचे. शेतकरी पुढारी बहुधा इथवर येऊन थांबतो, कारण बांधापलीकडचा भूमिहीन त्याला मजूर म्हणूनच ठाऊक असतो. माझ्या मते नाईकांचे मोठेपण या बांधाच्या पलीकडे आहे. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यात बाया डोक्याला फडके बांधून खडी फोडत होत्या. लाल मिलो ज्वारीची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर घरे तगली. 1973 च्या मे महिन्यात राज्यभर दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसे होती. त्या कामांत हाल होते, मुकादमांची लबाडीही होती. तरीही सरकारने भीक न देता काम दिले. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या, मागेल त्याला काम देणाऱ्या रोजगार हमी योजनेला नाईकांनी सत्तेचे पाठबळ दिले.

हमीने गावातली मजुरी वाढेल, सालगडी मिळणार नाही, अशी भीती बागायतदारांना वाटत होती, आणि ते बागायतदार नाईकांचेच मतदार होते. त्यांची नाराजी पत्करणे हीच खरी कसोटी. योजनेच्या पैशासाठी 1975 मध्ये व्यवसायकर बसला. मुंबईच्या पगारदाराच्या पगारातून तो आजही कापला जातो. रोजगार हमीचा कायदा 1977 मध्ये झाला, तेव्हा नाईक मुख्यमंत्री नव्हते. 2005 साली देशाने रोजगार हमीचा तोच मार्ग धरला.